पाखरं राखायला गेलेला मुलगा

16 मे 1870. टेक्सासमधल्या लॉयल व्हॅली वस्तीजवळ चार भावंडं गव्हाच्या शेतात पाखरं हाकायला गेली होती. अकराव्या वर्षात असलेला हर्मन लेहमान, धाकटा विली आणि दोन बहिणी. अचानक आलेल्या अपाचे या आदिवासी जमातीच्या लोकांनी दोघा मुलांना उचलून नेलं. विली काही दिवसांतच सुटून घरी आला. हर्मन परतला तो आठ वर्षांनी.

हे जर्मन घराणं त्या शेतापर्यंत पोहोचलं कसं, याचा माग काढायचा तर 1842 सालापाशी जावं लागतं. त्या वर्षी काही जर्मन सरदार-उमरावांनी टेक्सासात वसाहती वसवण्यासाठी एक संघ काढला. कुटुंबाला 320 एकर, एकट्या पुरुषाला 160 एकर, असं त्याचं आश्वासन होतं. घरच्या तुटपुंज्या शेतीवर ज्यांचं भागत नव्हतं, त्यांना हा आकडा भुरळ घालणारच. 1845 मध्ये न्यू ब्राउनफेल्स वसलं, 1846 मध्ये फ्रेडरिक्सबर्ग. त्याच लाटेत हर्मनचे वडील मॉरिट्झ आणि आई ऑगस्टा टेक्सासात आले. किनाऱ्यावर उतरलेल्यांना आत न्यायला गाड्या नव्हत्या. मेक्सिकोशी युद्ध सुरू झाल्याने त्या सैन्याने घेतल्या होत्या. पावसात, चिखलात, रोगराईत शेकडो माणसं तिथेच गेली.

आणि जी जमीन कबूल केली होती, ती संघाच्या ताब्यात होतीच कुठे? ल्यानो नदीपलीकडचा तो मुलूख कोमांची या दुसऱ्या आदिवासी जमातीचा होता. संघाचा टेक्सासातला प्रमुख जॉन मॉयझेबाख याने हे ओळखलं, स्वतः त्यांच्या तळावर गेला आणि 1847 मध्ये तह केला. 3000 डॉलरच्या भेटवस्तूंच्या बदल्यात मोजणीला आणि वस्तीला मुभा मिळाली. पण या तहात अपाचे नव्हते. पुढे वस्त्या वाढल्या, लष्करी ठाणी आली, रानरेड्यांचे कळप संपत गेले. लेहमानांच्या शेतातला गहू पिकत होता तो अशा भूमीत.

हर्मन अपाचेंमध्ये वाढला, पुढे कोमांचींत गेला. त्यांचा पुढारी क्वाना पार्कर याने त्याला मुलगा मानलं. क्वानाची आईही लहानपणी पळवून नेलेली गोरी मुलगी होती. त्यानेच समजूत घातली, म्हणून हर्मन 1878 मध्ये घरी आला. तो जर्मन विसरला होता. आईने त्याला ओळखलं नाही, त्यानेही आईला नाही. लहानपणी खेळताना कुऱ्हाडीने झालेल्या जखमेचा वण बहिणीला दिसला, तेव्हा कुठे खात्री पटली. कितीतरी दिवस तो पलंगावर निजेना.

घराण्याचा इतिहास लिहिताना आपण जहाजांच्या याद्या, चर्चमधल्या नोंदी, जमिनीची खाती चाळतो. ते करावंच. पण ही कागदपत्रं शेताच्या बांधापर्यंतच नेतात. बांधापलीकडे ज्यांची घरं होती, त्यांची बाजू लक्षात घेतल्याशिवाय लेहमानांची कहाणी पुरी होत नाही, असं मला मनापासून वाटतं.

1901 साली क्वानाने हर्मन आपला मानलेला मुलगा असल्याचं शपथेवर लिहून दिलं. 1908 मध्ये अमेरिकी काँग्रेसने कोमांचींनी आपलासा केलेला माणूस म्हणून त्याला ओक्लाहोमात जमीन द्यायला मंजुरी दिली. ती जमीन होती 160 एकर.