न्यूयॉर्कची सकाळची फोन-लाइन

‘द ब्रायन लेहरर शो’ हा न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनवायसी या सार्वजनिक रेडिओ केंद्रावरचा मुलाखतींचा कार्यक्रम सोमवार ते शुक्रवार सकाळी दहा ते बारा थेट प्रसारित होतो. १९८९ साली तो ‘ऑन द लाइन’ या नावाने सुरू झाला आणि सूत्रसंचालक ब्रायन लेहरर तेव्हापासून बदललेले नाहीत. घरभाडे, शाळाप्रवेश, भुयारी रेल्वे, पोलीस, निवडणुका असे शहराचे विषय त्यात येतात. देशाचे राजकारणही असते, पण ते गल्लीपर्यंत कसे पोचते याकडे लक्ष अधिक.

हे केंद्र मुळात नगर प्रशासनाचे. महापालिकेने बस चालवावी तसा न्यूयॉर्कने ८ जुलै १९२४ पासून रेडिओ चालवला. १९४५ साली वृत्तपत्रे वाटणाऱ्यांचा संप झाला, तेव्हा महापौर ला गार्डिया यांनी याच केंद्रावरून मुलांना व्यंगचित्रकथा वाचून दाखवल्या. पुढे महापौर जुलियानी यांच्या काळात शहराने रेडिओतून अंग काढून घेतले. एका ना-नफा संस्थेने दोन कोटी डॉलर मोजून परवाने घेतले आणि १९९७ मध्ये हस्तांतर पूर्ण झाले. महापौरांना जाब विचारणाऱ्या केंद्राचा मालक महापौर नसलेला बरा, एवढे तरी त्यातून साधले.

पाहुणे म्हणून बातमीदार, नगरसेवक, लेखक, अभ्यासक येतात. कार्यक्रमाचे वेगळेपण मात्र फोन घेण्याच्या पद्धतीत आहे. ‘कुणालाही काहीही बोलायचे असेल तर फोन करा’ असे सांगितले की तावातावाने बोलणारेच पुढे येतात. इथे बोलावणे नेमके असते: चर्चा शाळांची असेल तर शिक्षकांनी आणि पालकांनी फोन करावा, भाड्याची असेल तर भाडेकरूंनी आणि घरमालकांनीही. फोन आधी एक सहायक घेतो. नाव, वस्ती आणि मुद्दा विचारतो. ही माहिती सूत्रसंचालकासमोरच्या पडद्यावर उमटते आणि त्यातून कुणाला जोडायचे ते ठरते. प्रसारणात फक्त पहिले नाव आणि वस्ती सांगितली जाते. ऐकणाऱ्याला मत कळते, आणि ते कोणत्या भागातून आले हेही कळते.

२००७ साली श्रोत्यांनाच बातमीदार केले गेले. आपल्या रस्त्यावर उभ्या गाड्यांपैकी एसयूव्ही किती, हे त्यांनी मोजून कळवले. नंतर जवळच्या दुकानातले दूध, बिअर आणि लेट्यूसचे भाव कळवले, तेव्हा एकाच शहरात वस्तीगणिक बदलणाऱ्या किमती समोर आल्या. त्याच वर्षासाठी कार्यक्रमाला पीबडी पुरस्कार मिळाला. महापौर बिल डी ब्लाझिओ यांच्या कारकिर्दीत शुक्रवारी ‘आस्क द मेयर’ हा भाग होई. श्रोते तक्रारी थेट मांडत आणि महापौर अनेकदा पाठपुराव्यासाठी फोन क्रमांक ठेवायला सांगत. अर्जविनंत्यांच्या फेऱ्यांत जे अडकते, ते कधीकधी असे सुटते.

मर्यादाही आहेत. कामाच्या दिवशी सकाळी दहा वाजता फोन धरून थांबण्याची सवड प्रत्येकाला नसते. शिवाय दहा फोन म्हणजे जनमत चाचणी नव्हे. चांगला सूत्रसंचालक एकाच्या अनुभवाला साऱ्या शहराचे मत ठरवत नाही.

खर्च प्रामुख्याने श्रोत्यांच्या वर्गणीतून, देणग्यांतून आणि प्रायोजकांकडून भागतो. प्रायोजकाचा नामोल्लेख चालतो. मालाची किंमत सांगणे किंवा ‘खरेदी करा’ म्हणणे नियमाने वर्ज्य आहे. सार्वजनिक केंद्रांना केंद्र सरकारचा निधी १९६७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या महामंडळामार्फत मिळत असे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने पुढील दोन वर्षांचे सुमारे ११० कोटी डॉलर परत घेतले. मोठ्या शहरांतल्या केंद्रांच्या उत्पन्नात हा वाटा लहान होता. ग्रामीण आणि आदिवासी भागांतल्या काही केंद्रांचे मात्र निम्म्याहून अधिक उत्पन्न त्यावरच अवलंबून होते.