सोमवार ते शुक्रवार केवडा, शनिवारी सेनियो

मुलांनो, परदेशात संशोधन करणाऱ्या माणसाचं चित्र तुमच्या डोळ्यांसमोर कसं येतं? पांढरा कोट, हातात काचेची नळी आणि सुट्टी पडली की गळ्यात कॅमेरा अडकवून भटकंती! मलाही तसंच वाटायचं. इटलीतल्या बोलोन्या शहरात वर्षभर राहून आल्यावर कळलं, की त्या कोटाचं आणि कॅमेऱ्याचं आपसात चांगलंच भांडण असतं. ते कसं मिटवायचं, हे मला एका रोगानं शिकवलं. त्या रोगाचं नाव केवडा.

ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे त्यांना हे नाव ऐकूनच धडकी भरेल. संगमनेर तालुक्यात आमची दीड एकराची बाग आहे. ऐन मोसमात ढगाळ हवा आली, की घरात कुणी धड जेवत नसे. पानाच्या पाठीवर कापसासारखा पांढरा थर दिसला, की समजायचं केवडा आला. दिसायला बुरशी, पण शास्त्रज्ञ म्हणतात ही खरी बुरशी नव्हे, तिच्यासारखा दिसणारा वेगळाच जीव आहे. हा पाहुणा मूळचा अमेरिकेचा. १८७० नंतरच्या वर्षांत तो युरोपात शिरला आणि फ्रान्स-इटलीतल्या बागा त्यानं झोपवल्या. त्यावरचा उपाय सापडला तो मात्र गमतीनं. फ्रान्समधल्या बोर्दो भागातले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. का? तर निळसर पानं बघून येणाऱ्या-जाणाऱ्यानं द्राक्षं चोरू नयेत म्हणून! मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की बाकी बाग केवड्यानं जळाली तरी या वेली हिरव्यागार आहेत. १८८५ साली त्यानं आपला शोध जाहीर केला. तुमचे बाबा फवारतात ते बोर्डो मिश्रण हेच.

कोणत्या जातीची पानं केवड्याला दाद देत नाहीत, हे शोधायचं माझं काम होतं. वेलीच्या शेंड्याकडून तिसरं ते पाचवं पान घ्यायचं, त्याच्या रुपयाएवढ्या चकत्या कापायच्या, काचेच्या बशीत ओल्या कागदावर उलट्या ठेवायच्या आणि प्रत्येकीवर रोगाच्या बीजाणूंचा थेंब सोडायचा. मग बशा एकवीस अंश तापमानाच्या कपाटात. पाचव्या-सहाव्या दिवशी पांढरा थर किती आला ते भिंगाखाली बघून लिहायचं. चौथ्या दिवशी बघितलं तर काही दिसत नाही, आठव्या दिवशी बघितलं तर सगळा गिचमिड काला. रोगाला रविवार कळत नाही, हे इथेच ध्यानात घ्या.

मला नव्हतं कळलं. पहिल्याच महिन्यात मी सोमवारी बशा लावल्या आणि शनिवारी सकाळी फिरेंझे, म्हणजे आपलं फ्लॉरेन्स, बघायला पळाले. वेगवान गाडीनं पाऊण तासही लागत नाही हो! दोन दिवस डोळे फाटेपर्यंत बघितलं. सोमवारी कपाट उघडलं तर दोन बशांची झाकणं नीट बसलेली नव्हती. कागद वाळून खडखडीत, चकत्या पापडासारख्या. उरलेल्यांची मोजणीची वेळ टळून गेलेली. आठवड्याचं काम मातीत. आमच्या प्रमुख बाई रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "वेळापत्रक बशीचं आधी करायचं, गाडीचं नंतर."

मग मी कॅलेंडर घेऊन बसले आणि सोपं गणित सुटलं. बशा गुरुवारी लावायच्या, म्हणजे मोजणी मंगळवारी येते. शनिवार-रविवार रोग त्याचं काम करतो, आपण आपलं! शुक्रवारी संध्याकाळी मात्र प्रत्येक झाकणाला चिकटपट्टी लावल्याशिवाय खोली सोडायची नाही. या एका युक्तीवर मी रावेन्नाची रंगीत काचतुकड्यांची चित्रं पाहिली, व्हेनिसला दोनदा गेले. खुद्द बोलोन्यात १०८८ सालापासूनचं विद्यापीठ आहे आणि मैलोन् मैल छत असलेले पदपथ. पावसात छत्री न घेता हिंडता येतं. छापील तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात ठोकून घ्यावं लागतं, हे मी दंड भरून शिकले. तो किस्सा जाऊ द्या.

खरं सांगायचं ते पुढेच आहे.

आजोबा लहानपणी आम्हाला निमजच्या नामदेव जाधवांची गोष्ट सांगत. निमज हे आपल्याच जिल्ह्यातलं गाव. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, आजोबांच्या तोंडी मात्र नगरच होतं. गोष्टीत एक नदी होती आणि तिचं नाव आजोबांना कधीच नीट सांगता येत नसे. "शेणू का काय" असं म्हणायचे. एका शनिवारी रावेन्नाला जाताना गाडीत नकाशा उघडला आणि दिसलं, बोलोन्याहून तासाभरावर, लुगो गावाजवळून एक निळी रेघ जाते. सेनियो! मी वर्षभर जिच्यावरून गाडीनं जात-येत होते, तीच आजोबांची शेणू.

ठरवलं, जायचं ते ९ एप्रिललाच. २०२२ साली ती तारीख शनिवारी येत होती, त्यामुळे मी खूश. पण काचघरातल्या वेलींनी दगा दिला. हवी तशी पानं गुरुवारी तयारच नव्हती, ती मिळाली सोमवारी, ४ तारखेला. बोटं मोजा बघू. सोमवारी लावलं तर पाचवा दिवस कोणता? बरोब्बर, ९ एप्रिल!

बशा सोडून जायचं की नदी सोडायची? एकदा फिरेंझेचा फटका खाल्लेला होता. त्या दिवशी पहाटे साडेपाचला मी प्रयोगशाळेचं दार उघडलं. आठ बशा, प्रत्येकीत बारा चकत्या. साडेनऊला शेवटचा आकडा वहीत लिहिला आणि स्टेशनकडे धूम ठोकली.

लुगो हे फ्रांचेस्को बाराक्का या वैमानिकाचं गाव. पहिल्या महायुद्धात त्याच्या विमानावर उधळलेला काळा घोडा रंगवलेला असे, आणि तोच पुढे फेरारी मोटारींवर आला. मी मात्र घोड्याकडे न बघता नदीची वाट धरली.

नदी बघून मी हिरमुसले. आपल्या प्रवरेपुढे ओढाच! पण दोन्ही बाजूंना पुरासाठी घातलेले मातीचे बांध पाहिले नि छाती दडपली. घरापेक्षा उंच, एकदम खडे. १९४४-४५ चा सगळा हिवाळा जर्मन सैन्य या बांधांत बिळं करून बसलं होतं, पायथ्याला सुरुंग पेरलेले. ९ एप्रिल १९४५, सोमवार. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियननं नदी ओलांडायला सुरुवात केली. शिपाई नामदेव जाधव ज्या छोट्या तुकडीत होते, ती जवळजवळ संपूर्ण कापली गेली. वय फक्त २३. दोन जखमी सोबत्यांना त्यांनी गोळीबारात, खोल पाण्यातून, खड्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणलं. मग एकट्यानं परत जाऊन शत्रूची मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली. हाताला जखम झाल्यावर बंदूक चालेना, तेव्हा हातबाँब फेकले. शेवटी बांधाच्या माथ्यावर चढून पलटणीची रणगर्जना केली आणि मागच्यांना पुढे बोलावलं. याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीत असे वीस क्रॉस दिले गेले, त्यांतले सहा भारतीयांचे. रायगडच्या यशवंत घाडगेंचा त्यांतच समावेश. त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ २०२३ साली इटलीतल्या मोन्तोने गावात उभं राहिलं. घाडगे लढाईतच गेले. नामदेव जाधव परत आले आणि १९८४ पर्यंत जगले.

मी चार हातपाय टेकून बांध चढले. पाठीवर पिशवीशिवाय ओझं नव्हतं, कुणी गोळ्या झाडत नव्हतं, तरी दोनदा घसरले. वर सायकलवाले आजोबा-नातू चालले होते. पलीकडे तारांवर बांधलेली द्राक्षवेल, नुकतेच डोळे फुटलेले. सवयीनं मी एक पान उलटं करून बघितलं. स्वच्छ होतं.

दुसऱ्या रविवारी फोर्लीला गेले. तिथल्या भारतीय युद्धस्मशानात दहन झालेल्या सातशेहून अधिक सैनिकांची नावं कोरली आहेत. मराठा पलटणीच्या रकान्यात आपल्या वर्गाच्या हजेरीत असतात तशी आडनावं. मी ती मोठ्यानं वाचत गेले. तिथे ऐकायला कुणी नव्हतं.

त्या ९ तारखेला बांधावरून घरी फोन लावला. आपल्याकडे घड्याळ साडेतीन तास पुढे, आई संध्याकाळचा चहा ठेवत होती. आजोबा आता नाहीत. मी आईला म्हटलं, "आई, तिचं नाव सेनियो गं." आई म्हणाली, "पाणी आहे का तिला?"

मी खाली बघितलं. गुडघाभर होतं, पण वाहत होतं.