मुक्त विद्यालयाची बारावी कॉलेजात चालते का?

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एक ताई रडवेली होऊन आली. लग्नानंतर चौदा वर्षांनी तिने मुक्त विद्यालयातून बारावी केली. कॉलेजच्या खिडकीवर मात्र ऐकायला मिळालं, "हे बाहेरचं सर्टिफिकेट इथं चालत नाही." म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

तर चालतं! राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच एनआयओएस, हे केंद्र सरकारचं मान्यताप्राप्त मंडळ आहे. ते १९८९ साली सुरू झालं. तिथली बारावी इतर मंडळांच्या बारावीच्या बरोबरीची धरतात. पाच विषय पास व्हावे लागतात, त्यात किमान एक भाषा हवी. प्रत्येक विषयात ३३ टक्के लागतात. नोंदणी पाच वर्षं टिकते, त्यामुळे सुगीच्या दिवसांत एखादा विषय मागे राहिला तरी पुढच्या वेळी देता येतो.

मग ताईचं अडलं कुठे? दोन गोष्टींवर. मंडळ वेगळं असलं की विद्यापीठ मायग्रेशन सर्टिफिकेट मागतं. ते गुणपत्रिकेसोबत आलं होतं, पण ताईने घरीच पेटीत ठेवलं होतं. दुसरं, दहावीवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला जोडावा. कुठे राजपत्रातली नावबदलाची नोंदही मागतात. ही कामं प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून होत नाहीत, आधीच करून ठेवा.

विषय निवडतानाच पुढचा विचार करा. बीएला कोणतेही विषय चालतात. बीएस्सी नर्सिंगला जायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी घ्यावंच लागतं.

रोज कॉलेजात जाणं जमणार नसेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. घर-शेत सांभाळून पदवी घेता येते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. "पैसे द्या, परीक्षा न देता बारावी करून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. असला कागद प्रवेशाच्या वेळी पडताळणीत पकडला जातो. पैसेही जातात आणि वर्षही.

आणि खिडकीवर कुणी "चालत नाही" म्हटलं, तर तसं लेखी मागा. आम्ही गटातल्या चौघी ताईसोबत पुन्हा गेलो. कागद पुरे होते, अर्ज घेतला गेला. एकटीने जाऊ नका, सोबत जा.