मीटर बंद, गिअर अडतो : गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी हे पाहा

जालना शहरात आणि अंबड, भोकरदन, परतूरच्या रस्त्यांवर आपले अनेक बांधव गॅरेज चालवितात. त्यांच्याकडे कधी कधी जोड तक्रार येते : मीटरचा काटा शून्यावरून हलत नाही आणि गिअरही नीट पडत नाही. घाईत गिअरबॉक्स खाली उतरतो, गिऱ्हाइकाचे हजारो रुपये जातात आणि दोष निघतो एका वायरीत.

आधी गाडी कोणती ते पाहावे. जुनी मारुती ८००, अ‍ॅम्बॅसेडर किंवा जीप असेल तर मीटर केबलवर चालते. काटा थरथरतो तेव्हा केबल कोरडी पडलेली किंवा मुडपलेली असते. काटा अगदीच पडून असेल तर मीटरमागून केबल सोडवावी आणि गाडी न्यूट्रलमध्ये थोडी ढकलावी. आतली तार फिरली तर दोष मीटरचा. फिरली नाही तर तार तुटली किंवा गिअरबॉक्सकडील पिनियन झिजले.

या गाड्यांत गिअरच्या तक्रारीचा मीटरशी संबंध नसतो. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतो, पण चालू केल्यावर खरखरतो, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. बंद इंजिनातही अडतो, तर लिव्हरचे बुश व लिंकेज पाहावे. एकच गिअर खरखरत असेल तेव्हा मात्र गिअरबॉक्सवर संशय घ्यावा.

ऑटोमॅटिकचे गणित वेगळे. २०१४ साली सेलेरिओ आली आणि एएमटी गाड्या सामान्य घरांत पोहोचल्या. यात सेन्सरकडून येणारा वेगाचा संकेत मीटरप्रमाणेच गिअरच्या कॉम्प्युटरलाही लागतो. तो तुटला की काटा पडतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकते किंवा झटके देते. स्कॅनरवर पी ०५०० कोड आला म्हणून लगेच नवा सेन्सर मागवू नये. संकेत येत नाही एवढेच तो कोड सांगतो. प्लगच्या पिना हिरव्या पडल्या आहेत का, उंदराने वायर कुरतडली आहे का, सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा चुरा चिकटला आहे का, हे पाहावे. एबीएसच्या गाडीत चाकाजवळचा सेन्सरही पाहावा. पावसाळ्यात आपल्याकडची काळी माती तिथे घट्ट बसते.

मोठे टायर टाकलेल्या गाडीत मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखविते. जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी खुला झाला. तिथे ही चूक चालानाची ठरते. दुरुस्तीच्या निमित्ताने कुणी किलोमीटर मागे फिरवून मागितले तर साफ नकार द्यावा. ती पुढच्या खरेदीदाराची फसवणूक आहे. तपासणीची मजुरी मात्र गाडी आत घेतानाच बोलून घ्यावी, कारण वायर जोडायला पाच मिनिटे लागतात आणि ती शोधायला अर्धा दिवस.