रोह्याहून लुंबिनीस

पेण-रोहे परिसरातून लुंबिनीस निघणाऱ्या उपासक-उपासिकांनी प्रथम दिवामार्गे कल्याण गाठावे. तेथून कुशीनगर एक्सप्रेसने दोन रात्रींच्या प्रवासानंतर गोरखपूर येते. पुढे सोनौलीची सीमा रस्त्याने सुमारे ९५ किलोमीटर आहे. भारतीयांस नेपाळचा व्हिसा लागत नाही. मात्र पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र जवळ असावे. वृद्ध उपासिकांची ओळखपत्रे निघण्यापूर्वीच तपासावीत. एकीला सीमेवर मागे ठेवून इतरांनी पुढे जाणे धम्मबांधवांस शोभणारे नाही, असे आम्हांस वाटते. कमानीखालून पायी पलीकडे जाऊन भैरहवामार्गे लुंबिनी गाठता येते. तेथील स्तंभलेखानुसार सम्राट अशोक अभिषेकानंतर २० वर्षांनी स्वतः येथे आला, त्याने वंदन केले आणि गावास बली-करातून मुक्त केले. यात्रेकरूने यजमानांचा भार हलका करावा, हाच त्याचा बोध होय.