टपावरचे ऊन, आतली बॅटरी: कॅम्पर व्हॅनसाठी चार्ज कंट्रोलरची निवड

चार्ज कंट्रोलर सौर पॅनेल आणि बॅटरी यांच्या मध्ये बसतो. पॅनेलकडून येणारी वीज तो बॅटरीला सोसेल अशा बेताने पुढे सोडतो, बॅटरी भरत आली की हात आखडता घेतो आणि रात्री बॅटरीतली वीज उलट पॅनेलकडे जाऊ देत नाही. ट्रॅव्हलरसारख्या गाडीत पलंग, ओटा आणि फ्रिज बसवून तिचे फिरते घर करायचे म्हटले, की या डब्याची निवड लवकर समोर येते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून अशा गाड्यांची चर्चा वाढली आहे. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर आरटीओची मंजुरी आधी घ्यावी लागते.

कंट्रोलर दोन जातींचे. पीडब्ल्यूएम जातीचा कंट्रोलर पॅनेल थेट बॅटरीला जोडतो आणि ती जोडणी झपाट्याने चालू-बंद करून प्रवाह आवरतो. त्यामुळे पॅनेलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर उतरून काम करावे लागते. एमपीपीटी कंट्रोलर पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालवतो आणि जास्तीच्या व्होल्टेजचे प्रवाहात रूपांतर करून बॅटरीला देतो. दुकानात एमपीपीटी नेहमीच श्रेष्ठ म्हणून सांगितला जातो. खरे उत्तर मात्र टपावर कोणते पॅनेल आहे आणि ते किती तापते यावर ठरते.

‘१२ व्होल्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पॅनेलमध्ये ३६ सेल असतात. काहीही न जोडता त्याच्या टोकांवर सुमारे २२ व्होल्ट दिसतात, पूर्ण काम करताना सुमारे १८. हे आकडे सेलचे तापमान २५ अंश असतानाचे. मुंबईच्या एप्रिलमध्ये पत्र्याच्या टपावर सेल सहज ६५ अंशांवर जातो आणि दर अंशामागे कामाचे व्होल्टेज सुमारे ०.४ टक्के घसरते. म्हणजे १८ चे १५ उरतात. बॅटरी स्वतःच १३-१४ व्होल्टवर असेल, तर एमपीपीटीला कमावण्यासारखे फारसे शिल्लक राहत नाही. फरक पाच-दहा टक्क्यांचा. असे एकच छोटे पॅनेल लावून दिवे, पंखा आणि मोबाइल एवढेच चालवायचे असेल, तर साधा पीडब्ल्यूएम पुरतो आणि त्यात कमीपणा काही नाही.

घराच्या गच्चीवर लावतात ते मोठे पॅनेल घेतले की हिशेब पालटतो. ७२ सेलचे ३३५ वॅटचे पॅनेल सुमारे ३८ व्होल्टवर ९ अँपिअर देते. पीडब्ल्यूएम त्याला १३ व्होल्टवर खेचतो आणि हाती जेमतेम १२० वॅट लागतात. जवळपास दोन तृतीयांश वीज टपावरच वाया जाते. इथे एमपीपीटीला पर्याय नाही. वॅटमागे ही पॅनेल स्वस्त पडतात, त्यामुळे कंट्रोलरचा जादा खर्च बराचसा तिथेच भरून निघतो.

एमपीपीटीवर अनेकदा १००/३० असे दोन आकडे छापलेले असतात. पहिला पॅनेलकडून सोसता येणारे कमाल व्होल्टेज सांगतो, दुसरा बॅटरीला देता येणारा कमाल प्रवाह. प्रवाहाचा हिशेब सोपा आहे: ३३५ वॅट भागिले १२, म्हणजे २८ अँपिअर, तेव्हा ३० चा कंट्रोलर पुरे. प्रवाहात थोडी कसर राहिली तरी चांगला एमपीपीटी आपल्या मर्यादेवर थांबतो. व्होल्टेजची मर्यादा ओलांडली तर तो जळतो. अशी दोन पॅनेल सिरीजमध्ये जोडली तर उघडे, म्हणजे काहीही न जोडता दिसणारे, व्होल्टेज ९२ होते आणि मुंबईत सारे सुरळीत चालते. तीच गाडी स्पितीत उणे १० अंशांच्या पहाटे उभी राहिली, तर गारठ्याने व्होल्टेज दहा टक्के चढते आणि कोवळ्या उन्हातच आकडा १०० च्या पुढे जातो. म्हणून व्होल्टेज प्रवासातल्या सर्वांत थंड मुक्कामाच्या हिशेबाने धरावे.

गाडी उभी कुठे करता यावरही बरेच ठरते. सावलीचा प्रश्न मुंबईच्या नायगावात फार जवळचा आहे. तिथल्या १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळी तळमजला अधिक तीन मजल्यांच्या. १९ अंश अक्षांशावर डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४७-४८ अंशच वर येतो, म्हणजे चाळीची सावली भर दुपारीही जवळपास तिच्या उंचीएवढी लांब पडते. चाळीच्या उत्तरेला उभ्या केलेल्या गाडीचा टप दिवसभर सावलीतच राहतो. मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैअखेरीस सूर्य थेट डोक्यावर येतो, पण जुलैत आभाळ भरलेले असते. अर्ध्या सावलीत पॅरलल जोडणी बरी, कारण झाकलेले पॅनेल दुसऱ्याला मागे ओढत नाही. मात्र अनेक एमपीपीटींना सुरू होण्यासाठी बॅटरीपेक्षा ५ व्होल्ट जास्त लागतात, आणि तापलेले ३६ सेलचे पॅनेल ते जेमतेम देते. पावसाळ्यात भिस्त इंजिनवरच ठेवावी लागते. चालत्या गाडीच्या अल्टरनेटरवरून भरणारा डीसी-डीसी चार्जर जोडीला हवा.

बॅटरीची जात कंट्रोलरमध्ये नोंदवता आलीच पाहिजे. शिशाच्या बॅटरीला सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत भरून पुढे १३.६ वर तरंगत ठेवतात आणि उष्णतेत हे आकडे खाली आणावे लागतात. लिथियम आयर्न फॉस्फेटला तापमानाची ही दुरुस्ती नको आणि १५ व्होल्टच्या आसपासचे इक्वलायझेशन तर मुळीच नको. शून्याखाली तिला चार्जिंगही नको. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी बंद गाडीत ठेवू नये. तिच्यातून हायड्रोजन सुटतो.

कंट्रोलरचा डबा बॅटरीपासून हातभर अंतरावर बसवावा. ३० अँपिअर प्रवाह लांब, बारीक वायरीतून नेला तर अर्धा-पाऊण व्होल्ट वाटेतच गळतो आणि कंट्रोलरला बॅटरी भरल्याचा भास होतो. टपापासून कंट्रोलरपर्यंतची वायर लांब असली तरी चालते, कारण एमपीपीटीत त्या बाजूला व्होल्टेज जास्त आणि प्रवाह कमी असतो. बरेच कंट्रोलर ४० अंशांपर्यंतच पूर्ण प्रवाह देतात, म्हणून डब्याभोवती हवा खेळती हवी. समुद्राच्या खाऱ्या हवेत उघड्या तांब्यावर हिरवट थर धरतो. कलई केलेली वायर आणि नीट दाबलेला लग त्यावर उपाय. बॅटरीच्या धन टोकालगत फ्यूज लावावा. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल; सोडवताना पॅनेल आधी.