डिजिटल संगीत-फायलींमधील क्लिपिंग : ओळख व दुरुस्ती

प्रस्तावना :
मैफली, व्याख्याने व लोकगीते यांच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घेणे आज कोणत्याही महाविद्यालयाला शक्य आहे. परंतु ध्वनीची पातळी चुकल्यास क्लिपिंग हा दोष फाईलमध्ये कायमचा शिरतो आणि मूळ कॅसेट नष्ट झाल्यावर हीच सदोष प्रत एकमेव पुरावा म्हणून उरते. प्रस्तुत लेखात या दोषाचे स्वरूप, ओळख व दुरुस्ती यांचा थोडक्यात विचार केला आहे.

स्वरूप :
सीडीच्या मानकानुसार ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात व प्रत्येक नमुना १६ बिटांत, म्हणजे -३२,७६८ ते ३२,७६७ या मर्यादेत नोंदवला जातो. ध्वनितरंग या मर्यादेबाहेर गेला की त्याचा माथा सपाट कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या कडांमुळे मूळ ध्वनीत नसलेल्या वारंवारता निर्माण होतात व आवाज खरखरीत, फाटल्यासारखा भासतो. तबल्याचा जोरकस आघात किंवा तार सप्तकातील स्वर येथे प्रथम बळी पडतात.

हा दोष केवळ हौशी ध्वनिमुद्रणात आढळतो असे नाही. मेटॅलिका या अमेरिकन वाद्यवृंदाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा २००८ चा अल्बम याचे बहुचर्चित उदाहरण होय. अधिक मोठा आवाज मिळवण्याच्या स्पर्धेत त्याचे तरंग मोठ्या प्रमाणावर कापले गेले. ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेमसाठी दिलेली त्याच गीतांची आवृत्ती तुलनेने स्वच्छ असल्याचे श्रोत्यांच्या लक्षात आले आणि वादाला तोंड फुटले.

ओळख :
ऑडॅसिटी या विनामूल्य प्रणालीत तरंगचित्र मोठे करून पाहिल्यास सपाट माथे स्पष्ट दिसतात. एखादाच नमुना कमाल पातळीला पोहोचला म्हणून तो दोष ठरत नाही. सलग तीन वा अधिक नमुने त्याच पातळीवर असतील तर संशय घ्यावा. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. क्लिपिंग झाल्यानंतर कोणी आवाज कमी केला असेल, तर सपाट माथे कमाल पातळीच्या खाली दिसतात व पातळीदर्शक काहीच दोष दाखवत नाही. म्हणून आकड्यापेक्षा आकार पाहणे महत्त्वाचे ठरते.

दुरुस्ती :
केवळ आवाज कमी केल्याने कापलेला भाग परत येत नाही. दुरुस्तीत सपाट भागाच्या दोन्ही बाजूंच्या निर्दोष नमुन्यांवरून मधल्या वक्राचा गणिती अंदाज बांधला जातो. ऑडॅसिटीतील ‘क्लिप फिक्स’ याच तत्त्वावर चालते. त्याचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा :

१) मूळ फाईल न बदलता तिच्या प्रतीवर काम करावे.
२) नव्या माथ्यांना जागा मिळावी म्हणून पातळी सुमारे ६ डेसिबलने, म्हणजे जवळजवळ निम्म्याने, खाली आणावी, अन्यथा ते पुन्हा कापले जातील.
३) सपाट भागाच्या किंचित खालची पातळी उंबरठा म्हणून निवडावी.
४) निकाल कानांनी तपासून डब्ल्यूएव्ही स्वरूपात जतन करावा व केलेल्या दुरुस्तीची नोंद ठेवावी.

मर्यादा :
काही मोजक्या नमुन्यांचा तुटवडा असल्यास अंदाज बराच जवळ जातो. मात्र सपाट भाग लांबत गेला की विश्वासार्हता झपाट्याने घटते. दुरुस्त केलेला माथा हा मूळ स्वर नसून त्याविषयीचे अनुमान आहे, हे संशोधकाने विसरता कामा नये. स्वराच्या सूक्ष्म अभ्यासासाठी अशी फाईल वापरताना तसा उल्लेख करणे हा संशोधनाच्या प्रामाणिकपणाचा भाग आहे.

निष्कर्ष :
क्लिपिंगवर खात्रीचा उपाय म्हणजे मूळ कॅसेट उपलब्ध असल्यास ती पुन्हा उतरवून घेणे. त्या वेळी सर्वांत मोठा आवाजही कमाल पातळीच्या किमान ६ डेसिबल खाली राहील अशी काळजी घ्यावी. म्हणूनच डिजिटल प्रत तयार झाली म्हणून मूळ कॅसेट रद्दीत काढू नयेत. फाईल तपासून होईपर्यंत तरी त्या जपणे ही संबंधित विभागाची जबाबदारी ठरते.